चार बोटं आत

१

मिआगाओ या विणकरांच्या गावात सकाळी ज्या घरातून मागाच्या फणीचा ठोका ऐकू येत नाही, त्या घरात कुणीतरी आजारी आहे असं शेजारी धरून चालतात. देल्फिना नुफुआरच्या घरून तो ठोका आठला यायचा. सातला ती अंगण झाडायची, कॉफीत पाव बुडवून खायची, आणि मागच्या शेडचं दार उघडून मागासमोर एक बुटकं स्टूल मांडायची. स्टूल तिच्यासाठी नव्हतं. ते त्या दिवशी येणाऱ्या माणसासाठी असे.

देल्फिनाची अकरा वर्षं समुद्रापलीकडे परक्या म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालण्यात गेली होती. कंबर गेली तेव्हा ती गावी परतली आणि चाळिशीत गावातल्या जुन्या विणकरीण सालुदकडे विणकाम शिकली. सात वर्षांत तिची कापडं शहरातल्या कलादालनांत टांगली जाऊ लागली. लोक तिला कलावंत म्हणत. सालुद तिला चिंध्यावाली म्हणायची.

या वेळचं काम मोठं होतं. ज्यांनी घरच्या आजारी माणसाची सेवा केली, त्यांनी त्या सेवेतलं एक कापड आणून द्यायचं. चादर, टॉवेल, झबलं, काहीही. देल्फिना त्याच्या अंगठ्याएवढ्या रुंद पट्ट्या फाडायची आणि त्यांचा बाणा, म्हणजे आडवा धागा, करून विणायची. विणणं चालू असताना देणाऱ्यानं स्टुलावर बसून त्या माणसाबद्दल बोलायचं. शहरात ते चाळीस हात लांब कापड जमिनीवर पसरायचं, आणि बघायला आलेल्यांनी दोघादोघांनी त्यात गुंडाळून बसायचं, असं ठरलं होतं. प्रदर्शनाला तीन आठवडे उरले होते.

मंगळवारी रोडेलिया आली. चर्चच्या चौकात तिची खानावळ होती. तिनं सहा वर्षं भ्रमिष्ट झालेल्या सासूचं केलं होतं. तिनं पिवळा टॉवेल आणला, आणि सासूचे केस कसे विंचरायची, तिला गाणी कशी म्हणून दाखवायची ते सांगताना दोनदा रडली. देल्फिनालाही भरून आलं. टॉवेल दुपारपर्यंत विणून संपला.

बुधवारी सकाळी देल्फिनानं कापडावरून हात फिरवला तो पिवळ्या पट्ट्यापाशी अडला. वर आणि खाली काठ सरळ होते. पिवळ्या भागात मात्र कापड दोन्ही बाजूंनी आत ओढलं गेलं होतं. तिनं बोटं ठेवून पाहिलं. चार बोटं.

"घट्ट ओढलास धागा," सालुद म्हणाली. "रडत विणलं की असंच होतं. म्हणून माझी आई मयताच्या दिवशी मागावर बसू द्यायची नाही."

हे देल्फिनाला पटलं.

२

तिनं पिवळा भाग उसवला. या वेळी सालुद स्वतः बसली. चोपन्न वर्षं मागावर काढलेली बाई, तिचा काठ म्हणजे आखलेली रेघ. कापड ताणून धरायला तिनं बांबूची कामटी लावली आणि पट्ट्या सैल सोडत विणत गेली. टॉवेल संपत आला तेव्हा कामटी मधोमध कडकन मोडली, तिचं एक टोक सालुदच्या गालाला चाटून गेलं आणि कापड त्यांच्या डोळ्यांदेखत आत गेलं. पुन्हा चार बोटं.

सालुदनं गालावरचं रक्त पुसलं आणि कामटी हातात घेऊन बराच वेळ पाहिली. कीड लागली असेल, म्हणाली. कीड दिसत नव्हती.

दुसऱ्यांदा उसवायला देल्फिना एकटी होती. पट्टी सोडवताना ती तिच्या उजव्या मनगटाभोवती वळली. जुन्या टॉवेलची पट्टी वळतेच, त्यात नवल नाही. पण देल्फिनानं हात मागे घेतला तशी ती आवळली. तिनं डाव्या हातानं ओढून पाहिलं. बोटं निळी पडायला लागली. मग तिनं कात्री घुसवली, पट्टीबरोबर थोडी कातडीही कापली आणि ओट्यावर बसून आपण काय केलं ते पाहत राहिली. आपणच उलटीकडे ओढलं असणार, तिनं स्वतःला समजावलं. घाईत माणूस काहीही करतं.

मनगटावर लाल वळ राहिला. उरलेला पिवळा भाग तिनं उसवला नाही, तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी रोडेलिया उकडलेली केळी घेऊन आली, आपला टॉवेल कापडात कसा दिसतो ते बघायला. तिनं कापडाकडे पाहिलंच नाही. देल्फिना ताट घ्यायला पुढे झाली तेव्हा तिची नजर त्या मनगटावर पडली आणि तिथंच थांबली.

"तुला कुणी सांगितलं?" ती म्हणाली.

देल्फिनानं काही विचारलं नव्हतं.

"फक्त दुपारपुरतं सासूला बांधायची मी. जेवणाऱ्यांची गर्दी असायची. ती उठून रस्त्यावर जायची. संध्याकाळी सोडायची, खोबरेल लावायची." रोडेलियानं केळ्यांचं ताट जमिनीवर ठेवलं. "तेल रोज लावायची मी, विचार कुणालाही."

ती गेल्यावर देल्फिनानं नीट विचार केला. ती काही अडाणी बाई नव्हती. परदेशातल्या घरांत तिनं असे वळ पाहिले होते. रोडेलिया बोलत असतानाच कुठंतरी आतून तिला ते कळलं असणार, आणि मनाला कळलेलं हातांनी विणलं असणार. सालुदच्या हातांनी दुसऱ्यांदा तसंच का विणलं, हा प्रश्न तिनं बाजूला ठेवला.

मग तिनं आधी विणलेलं सगळं कापड दांड्यावरून उलगडलं आणि मोजपट्टी घेऊन मोजलं. अकरा जणांचं कापड होतं. सात ठिकाणी ते आत गेलं होतं. कुठं दोन बोटं, कुठं अर्धी वीत.

३

"थांबव हे," सालुद म्हणाली. "इंदाय, पोरी, लोक तुला चादरी देतात, कबुली देत नाहीत. कबुलीला पाद्री आहे."

देल्फिनानं ऐकलं नाही. प्रदर्शनाला उरलेले तीन आठवडे हे एक कारण होतंच. दुसरं असं, की तिला आता बघायचंच होतं.

शुक्रवारी बेनिग्नो आले. हायस्कूलमधून निवृत्त झालेले मास्तर, रविवारी चर्चमध्ये वचनं वाचणारे. त्यांची बायको पेर्ला चार वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिला वाचा नव्हती, आणि अख्ख्या शरीरात फक्त डावा हात हलायचा. थोरल्या पुरुषाला मानोंग आणि बाईला मानांग म्हणायची तिथली रीत; मानोंग बेनिग्नो तिचं सगळं एकटे करत. गावातल्या बायका नवऱ्यांशी भांडताना त्यांचं नाव घ्यायच्या.

त्यांनी निळ्या रेघांची चादर आणली होती, धुतलेली, इस्त्री केलेली. देल्फिनाचं मनगट दुखत होतं म्हणून सालुद मागावर बसली. बेनिग्नो स्टुलावर ताठ बसले, हात गुडघ्यांवर. रोज पहाटे आपण पेर्लाचे पाय कोमट पाण्यानं धुतो, नखं कापतो, तिला वचन वाचून दाखवतो, असं ते संथपणे सांगत होते. त्यांचा आवाज गोड होता.

सालुदची लय देल्फिनाला झोपेतही ओळखू आली असती. ठोका, मग बाणा नेणाऱ्या धोट्याची घसर, मग ठोका. चादरीच्या चौथ्या-पाचव्या पट्टीला ती बदलली. आधी ठोके जवळ आले. मग धोटा न फिरताच फणी येऊ लागली, एकावर एक, कापडाच्या त्याच रेघेवर. देल्फिनानं वर पाहिलं. सालुदचे पाय मागाच्या खालच्या पावड्यांवरून सुटले होते. तिनं दोन्ही हातांनी फणी धरली होती, पण ती मारत नव्हती. ती फणीला रोखत होती.

"सोड, मानांग," देल्फिना म्हणाली.

सालुदनं एक हात सोडला. दुसरा निघायच्या आत फणी आदळली आणि हाताची दोन बोटं लाकडात सापडली. ती पुन्हा आली, त्याच बोटांवर. तिसऱ्यांदा हाड मोडल्याचा आवाज देल्फिनाला स्पष्ट ऐकू आला. तिनं खांदा घालून फणीची जड चौकट थोपवली. लाकूड तिच्या खांद्यावर एकदा, दोनदा थडकलं आणि शांत झालं.

बेनिग्नो या सगळ्या वेळात बोलत होते. पेर्लाची सेवा देवानं आपल्याला नेमून दिली आहे, या वाक्याशी ते आले होते आणि ते त्यांनी पूर्ण केलं. मग उठले, खिशातून रुमाल काढला आणि सालुदची चिरडलेली बोटं त्यात बांधली. बांधणं इतकं हळुवार होतं की सालुद विव्हळायचीही थांबली.

"सवय आहे मला," ते म्हणाले.

४

सालुदला दवाखान्यात पोचवून देल्फिना परत आली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. बेनिग्नो त्या वेळी चर्चमध्ये रविवारचं वाचन घोकत बसलेले असत. ती त्यांच्या घरी गेली. दाराला नुसती कडी होती.

घर लख्ख होतं. पेर्ला खिडकीशी पलंगावर होती, केस विंचरलेले, अंगाला पावडर. देल्फिनानं तिला नमस्कार केला, आपण कोण ते सांगितलं आणि अंग पाहू देण्याची परवानगी मागितली. पेर्लानं डोळे मिटून उघडले. आजाऱ्याला कुशीवर कसं वळवायचं हे देल्फिनाचे हात विसरले नव्हते. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. गाऊन वर गेला.

मांड्यांच्या मागच्या बाजूला आणि पाठीवर वळ होते, पट्टीनं आखल्यासारखे समांतर. काही पिवळे पडलेले, काही जांभळे, वरचे दोन उकललेले. चेहरा, हात, गळा, जिथं पाहुण्यांची नजर जाईल तिथं एकही नव्हता.

पेर्ला रडली नाही. तिनं डाव्या हातानं देल्फिनाचा झगा धरला होता.

बेनिग्नो कधी आले ते कळलं नाही. ते दारात उभे होते, हातात पेजेचं भांडं. ते रागावले नाहीत. त्यांनी भांडं खाली ठेवलं, पेर्लाला सरळ केलं, चादर नीट केली.

"ती तोंड उघडत नाही," ते म्हणाले. "तुम्ही हे काम केलंय, तुम्हाला माहीत आहे. दोन दोन तास चमचा धरून बसायचं. मुद्दाम दात आवळून धरते."

देल्फिना तिथून सरळ कप्तानाकडे, म्हणजे गावच्या मुखियाकडे, गेली. त्यानं ऐकून घेतलं. मास्तरांनी त्याला हायस्कूलात गणित शिकवलं होतं. अंथरुणात पडून पडून जखमा होतात, तो म्हणाला, तुमच्या मागावर आज अपघात झालाय, तुम्हीही घाबरला आहात. सोमवारी नर्सबाईंना घेऊन जाऊ. देल्फिना हट्टाला पेटली तेव्हा तो फक्त घड्याळाकडे पाहत राहिला.

५

शनिवारी सकाळी नऊला बेनिग्नो अंगणात उभे होते. हातात नारळ सोलायचा कोयता होता.

"माझी चादर," ते म्हणाले.

ती कापडात गेली आहे, उसवून देते, दुपारी या, असं देल्फिना सांगायला लागली. त्यांनी तिला बोलू दिलं आणि वाक्य संपल्यावर कोयत्याच्या मुठीनं तिच्या तोंडावर मारलं. तिचा ओठ फाटला, एक दात जिभेवर आला. ती पडली तेव्हा त्यांनी पोटात लाथ घातली, घाई न करता, कुठं घालायची ते पाहून. मग ते शेडमध्ये गेले आणि दार ओढून घेतलं.

देल्फिना ओट्याला धरून उठली. आत कापड फाटल्याचा आवाज आला, एकदाच. मग ठोका.

ठोका, आणि लगेच ठोका. कालचाच. ती दारापाशी गेली. दाराला आतून कडी नव्हती, कधीच नव्हती. तिनं फळीवर हात ठेवला. शेडची भिंत बांबूच्या तट्टीची. फटीला डोळा लावला तर आतला उजेड पट्ट्यापट्ट्यांनी दिसत होता.

बेनिग्नो मागाच्या बाकावर बसले होते, तिच्याकडे पाठ करून. कोयता जमिनीवर होता. विणलेलं सगळं कापड, पस्तीसेक हात, दांड्यावरून सुटून त्यांच्याभोवती होतं, खांद्यांपासून कमरेपर्यंत, लहान मुलाला गुंडाळावं तसं. समोर फणी येत होती आणि जात होती. तिच्यावर कुणाचा हात नव्हता. ती छातीशी यायची तेव्हा त्यांचं डोकं मागं फेकलं जायचं.

पण देल्फिना पाहत होती ते त्यांच्या पाठीकडे. तिथं कापड आत दाबलं जात होतं. पाच खळगे एकाजवळ एक, एक त्यातला जाड, थोडा दूर. त्याच्या शेजारी आणखी पाच, लहान. कमरेपाशी पाच, मानेपाशी पाच. ते मोजण्यापलीकडे होते, आणि सगळे आणखी आत जात होते. पिवळा पट्टा त्यांच्या गळ्यापाशी होता.

"फिना," बेनिग्नो म्हणाले. गोड, शांत आवाजात, वर्गात हजेरी घ्यावी तसं. त्यांना ती भिंतीमागं आहे हे ठाऊक होतं.

दार ढकललं असतं तर उघडलं असतं. तिचा हात फळीवरच होता. पेर्लाच्या पाठीवरचे वळ तिच्या डोळ्यांसमोर आले हे खरं, पण तेवढंच नव्हतं. फाटलेल्या ओठातून रक्त हनुवटीवर येत होतं, आणि प्रत्येक ठोक्याला तिच्या आत काहीतरी हो म्हणत होतं. ती मोजत नव्हती, तरी नंतर पोलिसांना सांगताना तिला आकडा माहीत होता. एकसष्ट. आकडा तिनं सांगितला नाही.

ठोके थांबल्यावरही ती बराच वेळ आत गेली नाही.

६

बेनिग्नो मागात अडकून गेले, छातीच्या फासळ्या मोडल्या, वयही होतं, असं कागदावर लिहिलं गेलं. कापड काढताना त्याचे तुकडे करावे लागले. कप्तानानं ते समुद्रकाठी नेऊन जाळले. प्रदर्शनवाल्यांचा फोन आला तेव्हा देल्फिनानं काम झालं नाही एवढंच सांगितलं.

सोमवारी नर्सबाई पेर्लाकडे गेल्या, वळ पाहिले आणि घराबाहेर येऊन पायरीवर बसल्या. पेर्लाचं सख्खं कुणी नव्हतं. देल्फिनानं तिला आपल्या घरी आणलं. मला हे येतं, ती म्हणाली, आणि खोटं नव्हतं ते. जखमा आठवड्यात सुकल्या. तिनं पेर्लाला अंगणातल्या सावलीत बसवलं, आंब्याचा रस चमच्यानं भरवला. सालुद हाताला प्लास्टर घेऊन समोर बसायची आणि गावातल्या कुचाळक्या सांगायची. पेर्ला कधीकधी हसायची. निदान तसं वाटायचं.

अठराव्या दिवशी दुपारी देल्फिना तिला पेज भरवत होती. सकाळपासून हे तिसरं भांडं होतं. आधीची दोन अंथरुणावर गेली होती आणि अंथरूण दोनदा बदललं होतं. कंबर ठणकत होती. पेर्लानं दात आवळले. देल्फिनानं चमचा ओठांशी धरला, थांबली, पुन्हा धरला. तेव्हा पेर्लाच्या डाव्या हातानं तिचं मनगट पकडलं.

पकड सोडवायची कशी हे या कामात पहिल्याच आठवड्यात शिकवतात. ओढायचं नसतं. अंगठा धरायचा आणि हलकेच बाहेरच्या बाजूला वळवायचा, पकड आपोआप सुटते. देल्फिनानं अंगठा धरला. वळवला. पकड सुटली.

मनगट सुटल्यावरही ती अंगठा वळवत राहिली. वाळकी काटकी मोडावी असा आवाज आला, आणि त्यानंतरही थोडा वेळ ती थांबली नाही.

ओट्यावर सालुद बसली होती. तिनं आत वाकून पाहिलं.

"काय झालं?"

"काही नाही. पलंगाला अडकला हात," देल्फिना म्हणाली, आणि चादर नीट केली.

आपला आवाज किती शांत निघाला ते तिनं ऐकलं. पेर्ला तिच्याकडे पाहत होती. त्या डोळ्यांत आश्चर्य अजिबात नव्हतं.

सालुद उठून आत आली. तिनं एका हातानं चादर दूर केली, पेर्लाचा अंगठा पाहिला, मग देल्फिनाकडे पाहिलं.

"रिक्षा बोलावते," ती म्हणाली. "तू तिला हात लावू नकोस."

७

पेर्ला आता इलोइलोत नन्सच्या आश्रमात असते. तिथं तिची खोली बागेकडे आहे आणि तिला दोघीजणी मिळून उचलतात. देल्फिनानंच तिथं अर्ज केला, सही केली, अंगठ्याचं खरं काय ते डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर तरुण होता. थकलेल्या माणसाकडून होतं असं कधी, तो म्हणाला, आणि लिहून घेतलं नाही.

माग तिनं सालुदला देऊन टाकला. सालुद डाव्या हातानं त्यावर पंचे विणते आणि ते सरळ येतात. गावात बोलतात की चिंध्यावालीनं ती कला सोडली. दर रविवारी देल्फिना बसनं शहरात जाते आणि तासभर पेर्लाजवळ बसते.

पहिल्याच रविवारी तिनं तिथल्या सिस्टर आवूरियाला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

"मला तिच्यासोबत एकटं ठेवू नका."

सिस्टर वयस्क होती, जाड चष्म्याची. तिनं देल्फिनाचे हात आपल्या हातांत घेतले आणि दु:खात माणूस स्वतःला फार दोष देतो असं काहीतरी म्हणाली. तरी ती शब्दाला जागली. दर वेळी ती किंवा दुसरी कुणी कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसायची.

या रविवारी उकाडा होता. पेर्ला उशांना टेकून बसली होती. सिस्टरनं तिला पेज आणून ठेवली होती आणि पेर्लानं दात आवळले होते. मग सिस्टर उठली, गुडघ्यावर हात ठेवून.

"तुमच्या हातून खाईल ती," म्हणाली. "मी पाणी घेऊन येते."

देल्फिना नको म्हणाली. निदान तिला वाटलं आपण म्हणालो. सिस्टरच्या चपला वऱ्हांड्यातून लांब गेल्या आणि वाऱ्यानं दार लागलं.

पेर्लानं दाराकडे पाहिलं. मग देल्फिनाच्या हातांकडे. तिचा डावा हात, अंगठा अजून पट्टीत असलेला, चादरीखाली हळूहळू मागं सरकला, भिंतीला लागेपर्यंत.

देल्फिनानं दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि सगळा भार त्यांच्यावर टाकला. बाहेर नळ सुरू झाल्याचा आवाज येत होता. बादली मोठी असावी. तिच्या मांड्यांखाली बोटं आधी सरळ होती, मग ती वळली, आणि मग बाहेर यायला जागा शोधू लागली.